बुकवर्मवरून ट्रिक्सीवर जाताना अडतं कुठे

डेबियन या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीमची १३ वी आवृत्ती, ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाली. तिच्या आधीची १२ वी, म्हणजे बुकवर्म, जून २०२३ मधली. बुकवर्मला सुरक्षा पथकाचा पूर्ण पाठिंबा १० जून २०२६ पर्यंत आहे आणि त्यानंतर दीर्घ मुदतीचा पाठिंबा ३० जून २०२८ पर्यंत. ट्रिक्सीसाठी याच दोन तारखा ९ ऑगस्ट २०२८ आणि ३० जून २०३० अशा आहेत.

नव्या गोष्टी भरपूर आहेत: कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.१२, जीनोम ४८ आणि प्लाझ्मा ६.३ हे डेस्कटॉप, लिबरऑफिस २५.२, पायथन ३.१३, पीएचपी ८.४, पोस्टग्रेस (डेटाबेस) १७. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरना पहिल्यांदाच अधिकृत स्थान मिळालं आहे. एकूण पॅकेजेस (बसवता येणारे प्रोग्रामचे गठ्ठे) ६९,८३० हून जास्त, त्यांतली १४,१०० हून जास्त नवी. मात्र ज्याच्या हातात चालता सर्व्हर आहे, त्याने आधी बघायचा आकडा वेगळाच आहे: ८,८४० हून जास्त पॅकेजेस कालबाह्य ठरवून काढून टाकली आहेत. त्यांतलं एखादं तुमच्या मशीनवर असलं, तर अपग्रेडनंतरही ते तसंच पडून राहील, चालेलही कदाचित, पण त्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही.

खाली दिलेल्या कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच द्यायची.

सर्वांत आधी मशीन ३२ बिटचं आहे का ते बघा. ट्रिक्सीत आय३८६, म्हणजे ३२ बिटच्या प्रोसेसरसाठी, ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल. ती पॅकेजेस उरली आहेत ती फक्त ६४ बिटच्या सिस्टीमवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरती. ३२ बिटची बुकवर्म चालवत असाल तर अपग्रेडच्या वाटेला जाऊ नका. पण मशीन भंगारात काढण्याआधी प्रोसेसरची माहिती देणारी 'एलएससीपीयू' ही कमांड चालवून बघा. शाळांच्या प्रयोगशाळांतल्या पुष्कळ जुन्या मशीनवर कुणीतरी कधीकाळी ३२ बिटची सीडी वापरलेली असते, आणि प्रोसेसर मात्र ६४ बिटचा असतो. ऑप-मोडच्या ओळीत ६४ बिट दिसलं, तर डेटा बाजूला काढून ६४ बिटची ट्रिक्सी नव्याने बसवायची.

दुसरी अट, उडी मारायची नाही. ११ वरून थेट १३ वर जाणारी वाट अधिकृत नाही. आधी १२, ती पूर्ण अद्ययावत करायची, मग १३.

आता /बूट, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींची जागा. अर्धवट राहिलेल्या अपग्रेडमागे मला सर्वांत धोक्याचं कारण हेच वाटतं. कर्नल आणि फर्मवेअर दोन्ही फुगले आहेत, त्यामुळे प्रत्येक कर्नलबरोबर तयार होणारी इनिट्रॅमएफएस फाइलही (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर हिच्यात असतात) मोठी होते. रिलीज नोट्स सांगतात की /बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ते किमान ७६८ एमबीचं असावं आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत. मूळ सिस्टीम डेबियन १० किंवा त्याआधीची असेल आणि तीच वर वर नेत आणली असेल, तर पार्टिशन यापेक्षा लहान असण्याचीच शक्यता जास्त. जागा संपली की इनिट्रॅमएफएस अर्धीच लिहिली जाते, कर्नलचं पॅकेज अर्धवट कॉन्फिगर अवस्थेत अडकतं आणि त्यामागची रांगही थांबते. अशा वेळी रीबूट केलं तर मशीन वर येईलच असं नाही.

म्हणून आधी 'डीएफ -एच /बूट' बघा. जुनी कर्नल साठली असतील तर चालू असलेली आणि तिच्या आधीची एक ठेवून बाकीची काढा. तेवढ्याने भागलं नाही, तर /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स मधल्या इनिट्रॅमएफएस.कॉन्फमध्ये 'मॉड्यूल्स' ची किंमत 'मोस्ट' ऐवजी 'डेप' करा आणि 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' चालवा. यामुळे फाइलीत फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर राहतात आणि ती बरीच लहान होते. किंमत अशी की तीच डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर ती बूट होईलच याची खात्री राहत नाही. कायमचा उपाय म्हणजे पार्टिशन मोठं करणं, किंवा /बूट मुख्य पार्टिशनमध्येच हलवणं. काहीही केलंत तरी ते अपग्रेडच्या आदल्या दिवशी करा, अपग्रेड चालू असताना नको.

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (सुरक्षित जोडणीने) काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट अत्यावश्यक आहे. बुकवर्मचं ओपनएसएसएच ९.२पी१-२+डेब१२यू७ किंवा त्यापुढचं असल्याशिवाय सुरुवात करू नका. त्याआधीचं असेल, तर अपग्रेड मध्येच तुटल्यावर नवं कनेक्शन स्वीकारलं जाणार नाही, आणि तुम्ही दाराबाहेर उभे राहाल. काम टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये सुरू करा, म्हणजे घरची लाइन गेली तरी तिकडचं काम थांबत नाही. लॉगिनसाठीच्या जुन्या डीएसए प्रकारच्या किल्ल्या आता चालत नाहीत. कुणाची असेल तर आधीच ईडी२५५१९ ची करून घ्या.

बॅकअपमध्ये डेटाबेस आणि वेबसाइट सगळेच घेतात. त्यासोबत /ईटीसी, /व्हार/लिब/डीपीकेजी आणि 'डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स' चा निकालही घ्या. मग 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' ने कुठलं पॅकेज रोखून ठेवलंय का ते बघा, 'डीपीकेजी --ऑडिट' ने अर्धवट काही नाही ना याची खात्री करा. डेबियनबाहेरच्या रेपॉझिटरी (पॅकेजेस जिथून येतात ते साठे) आणि बुकवर्म-बॅकपोर्ट्स (बुकवर्मसाठी बांधलेली नवी पॅकेजेस) ही ओळ तात्पुरती बंद करा.

प्रत्यक्ष अपग्रेड तुलनेने साधं आहे. पॅकेजेस कुठून आणायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलींत जिथे जिथे बुकवर्म आहे तिथे ट्रिक्सी लिहायचं. सिक्युरिटीची आणि अपडेट्सची ओळ विसरायची नाही. 'ॲप्ट अपडेट'. मग 'ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस'. मग 'ॲप्ट फुल-अपग्रेड'. मधल्या टप्प्यात फारच थोडी पॅकेजेस पुढे सरकतात आणि बाकीची 'रोखली' असं दिसतं. ते चुकलेलं नाही.

शेवटच्या टप्प्यात काढल्या जाणाऱ्या लायब्रऱ्यांची (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडची) लांबलचक यादी समोर येते आणि इथे बरेच जण घाबरून 'नाही' म्हणतात. तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ३२ बिटमध्ये मोजलेली युनिक्सची वेळ (१ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद) १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, संपते. ट्रिक्सीत आय३८६ सोडून सर्व आर्किटेक्चरवर वेळ ६४ बिटची केली आहे. त्यासाठी शेकडो लायब्रऱ्या नव्या नावाने पुन्हा बांधाव्या लागल्या, आणि नावामागे 'टी६४' लागलं. ६४ बिटच्या मशीनवर प्रत्यक्षात काही बदललेलं नसलं तरी नावं तिथेही बदलली. म्हणून 'लिबएसएसएल३' जाताना दिसतं आणि 'लिबएसएसएल३टी६४' येताना दिसतं. यादी वाचताना एवढंच बघा की जाणाऱ्या प्रत्येक लायब्ररीची टी६४ जोडी येणाऱ्यांत आहे का, आणि तुमचा वेब सर्व्हर, मेल सर्व्हर किंवा डेस्कटॉप जाणाऱ्यांत नाही ना. तसं काही दिसलं तर मात्र थांबा. बहुतेक वेळा बाहेरच्या रेपॉझिटरीतलं एखादं पॅकेज वाट अडवून बसलेलं असतं.

वेळेच्याच कारणाने, कोण कधी लॉगिन झालं ते दाखवणारी 'लास्ट' ही कमांडही गेली. तिच्यासाठी डब्ल्यूटीएमपीडीबी हे पॅकेज बसवायचं. फसलेले लॉगिन दाखवणाऱ्या 'लास्टबी' ऐवजी 'एलएसलॉगिन्स --फेल्ड'.

रीबूटच्या आधी नेटवर्क कार्डाचं नाव तपासा. काही हार्डवेअरवर ते बदलतं, आणि नेटवर्कच्या फाइलीत जुनंच नाव राहिलं की सर्व्हर चालू असतो पण पोहोचता येत नाही. 'युडेव्हएडीएम टेस्ट-बिल्टइन नेट_सेटअप_लिंक' या कमांडला /सिस/क्लास/नेट मधला कार्डाचा पत्ता दिला की पुढच्या बूटला मिळणारं नाव आत्ताच कळतं. ते वेगळं असेल तर /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्कमध्ये एक .लिंक फाइल करून मॅक पत्त्यावरून (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून) नाव पक्कं करा.

रीबूटनंतर सगळं छान दिसतं, आणि खऱ्या तक्रारी तिथून सुरू होतात.

कर्नलची सेटिंग ठेवणारी /ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ ही फाइल आता बूटच्या वेळी वाचली जात नाही. तिच्यात आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कवरचा डेटा दुसऱ्याकडे पुढे पाठवणं) चालू केलेलं असेल आणि तो सर्व्हर ऑफिसचा राउटर किंवा व्हीपीएन म्हणून काम करत असेल, तर त्याच्या मागच्या सगळ्यांचं इंटरनेट बंद पडेल, आणि खुद्द सर्व्हरवरून मात्र सगळं चालेल. इथे फसायला होतं ते असं: 'सिसकंट्रोल -पी' हाताने दिलं की तीच जुनी फाइल वाचली जाते, सगळं सुरळीत होतं, आणि पुढच्या रीबूटला पुन्हा तेच. सेटिंग /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये .कॉन्फ संपणाऱ्या स्वतंत्र फाइलीत हलवा.

तात्पुरत्या फाइलींची /टीएमपी आता डिस्कवर नाही, मेमरीत आहे, आणि तिची कमाल मर्यादा रॅमच्या निम्मी. २ जीबी रॅमच्या भाड्याच्या सर्व्हरवर म्हणजे १ जीबी. रात्रीचा डेटाबेस डंप आधी /टीएमपी मध्ये काढून मग दुसरीकडे पाठवणाऱ्या स्क्रिप्ट सर्रास आहेत. त्या आता जागा संपली म्हणून मध्येच तुटतील, आणि तोवर रॅमही खातील. पीएचपीवर अपलोड होणाऱ्या मोठ्या फाइली, 'सॉर्ट' ची तात्पुरती साठवण, हेही तिथेच जातं. अशा स्क्रिप्ट /व्हार/टीएमपी कडे वळवणं हा योग्य उपाय. ते लगेच जमत नसेल तर 'सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट' आणि रीबूट. जुनी पद्धत परत येते. पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत /टीएमपी चं वेगळं पार्टिशन दिलेलं असेल तर तेच चालू राहतं. जुन्या /टीएमपी तल्या फाइली पुसल्या गेलेल्या नसतात, नव्या माउंटखाली झाकल्या जातात आणि डिस्कवर जागा अडवून बसतात. 'माउंट --बाइंड / /एमएनटी' केलं की त्या /एमएनटी/टीएमपी मध्ये दिसतात, तिथून काढा.

आता भारतातल्या सर्व्हरवर हमखास भेटणारी गोष्ट. वेळक्षेत्रांची जुनी नावं मुख्य टीझेडडेटा पॅकेजमधून काढून टीझेडडेटा-लेगसी मध्ये टाकली आहेत, आणि त्या जुन्या नावांत 'एशिया/कलकत्ता' आहे. मशीनचं स्वतःचं वेळक्षेत्र जुन्या नावाने असेल तर अपग्रेड ते 'एशिया/कोलकाता' करून घेतं. पण तुमच्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, डेटाबेसमध्ये साठवलेल्या वापरकर्त्यांच्या पसंतीत कलकत्ता लिहिलेलं असेल, तर त्याला कुणी हात लावत नाही. पोस्टग्रेस 'अवैध वेळक्षेत्र' म्हणून क्वेरी नाकारतो. पायथनचं झोनइन्फो नाव सापडलं नाही म्हणून अपवाद फेकतं. सगळी सेटिंग दुरुस्त केली तरी चूक अधूनमधून दिसत राहील, कारण क्रोम ब्राउझर भारतीय वेळेचं नाव विचारल्यावर बराच काळ कलकत्ताच सांगत आला आहे, आणि पुष्कळ वेब ॲप्लिकेशन ब्राउझरने दिलेलं नाव जसंच्या तसं सर्व्हरकडे धाडतात. म्हणून काही वापरकर्त्यांचं चालतं, काहींचं नाही, आणि लॉग न बघता कारण लक्षात येत नाही. तातडीचा उपाय म्हणजे 'ॲप्ट इन्स्टॉल टीझेडडेटा-लेगसी' आणि संबंधित सेवा पुन्हा सुरू करणं. सोबत ॲप्लिकेशनमध्ये येणारं नाव कोलकाता करून घेणारी एक ओळ घाला, आणि डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी बदला.

पोस्टग्रेसचा डेटा आपोआप १५ वरून १७ वर जात नाही. १७ बसताना एक रिकामा क्लस्टर (डेटाबेसचा संच) तयार होतो आणि तो दुसऱ्या पोर्टवर उभा राहतो. तुमचा डेटा १५ मध्येच असतो. आधी 'पीजी_ड्रॉपक्लस्टर १७ मेन --स्टॉप', मग 'पीजी_अपग्रेडक्लस्टर १५ मेन'. पहिल्या कमांडमध्ये १७ च्या जागी चुकून १५ लिहिलं तर खरा डेटा पुसला जाईल. 'पीजी_एलएसक्लस्टर्स' ची यादी समोर ठेवूनच ती द्या. डंपऐवजी फाइली थेट हलवणारी पद्धत वापरली तर मजकुरावरचे इंडेक्स पुन्हा बांधा. ग्लिबसी, म्हणजे सिस्टीमची मूळ सी लायब्ररी, २.३६ वरून २.४१ वर गेलं आहे, आणि अक्षरांचा क्रम त्याच्याकडून ठरतो. क्रम बदलला आणि इंडेक्स जुनाच राहिला तर नोंद असूनही शोधात सापडत नाही.

पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरता वेगळा ठेवलेला पायथनचा संच) ३.११ साठी बांधलेली असते, ती नव्याने करा, शिवाय ३.१३ मधून सीजीआय, टेलनेटलिब अशी जुनी मॉड्यूल गेली आहेत. पीएचपी ८.२ आणि ८.४ च्या पीएचपी.आयएनआय वेगळ्या, त्यामुळे अपलोडची वाढवलेली मर्यादा पुन्हा लिहावी लागेल. डव्हकॉट या मेल सर्व्हरच्या २.४ ला जुनी कॉन्फिगरेशन चालत नाही. मेल सर्व्हर असेल तर तेवढ्यासाठी वेगळी चाचणी मशीन घ्या, तासाभरात उरकण्यासारखं ते काम नाही.

सगळं स्थिर झालं की 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' आणि 'ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस'. दुसरी कमांड जुन्या एका ओळीच्या सोर्सेस नव्या परिच्छेदाच्या मांडणीत आणते आणि जुनी फाइल बाजूला ठेवते.

अपग्रेडची सुरुवात 'स्क्रिप्ट' कमांडने केली असेल तर पडद्यावर आलेला सगळा मजकूर फाइलीत असतो. काही बिघडलं असेल तर तो जोडून 'रिपोर्टबग अपग्रेड-रिपोर्ट्स' ने कळवा. डेबियनने खास याच कामासाठी हे नाव राखून ठेवलं आहे. नोंद सार्वजनिक होते, तेव्हा पाठवण्याआधी तिच्यातले पासवर्ड, आयपी पत्ते आणि ग्राहकांची नावं शोधून काढून टाका.