नेकार्सुल्मचा छकडा

आपल्याकडे सोमवारी न्हाव्याची दुकानं बंद, जर्मनीत म्युझियम. चार वर्षं इथे राहून हे मला माहीत असायला हवं होतं, पण अण्णांना घेऊन नेकार्सुल्मला गेलो तो नेमका सोमवार. दार बंद. अण्णा म्हणाले, "असू दे, गाव तरी बघू." गाव बघून व्हायला फार वेळ लागला नाही. बुधवारी परत गेलो.

हाइलब्रॉनहून गाडीत बसलो की लगेच येतं हे गाव. स्टेशनाला लागूनच ऑडीचा कारखाना. "आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जुळवतात त्याच का ह्या?" अण्णांनी विचारलं. त्याच. पण कारखाना मुळात एनएसयूचा. आधी विणकामाची यंत्रं, मग सायकली, मग मोटारसायकली. गावाच्या नावातलीच तीन अक्षरं उचलून कंपनीचं नाव केलेलं. म्युझियम आहे जुन्या ट्यूटॉनिक सरदारांच्या गढीत, आणि आत दुचाक्याच दुचाक्या. अण्णांनी तीस वर्षं राजदूत वापरलीय, त्यामुळे प्रत्येक गाडीची किक कुठे आहे हे बघितल्याशिवाय ते पुढे सरकेनात. मला मात्र एकाच गाडीची घाई होती.

ती दिसली, आणि माझ्याआधी अण्णाच बोलले, "अरे, हा तर छकडा!"

द्वारका-सोमनाथच्या यात्रेत त्यांनी सौराष्ट्रातले छकडे पाहिलेत. पुढून बुलेट, मागून गाडा. हेही तसंच. पुढून बघितलं तर मोटारसायकल: फोर्क, हँडल, एकच चाक. मागे मात्र लोखंडी पत्र्याचं टबासारखं अंग आणि दोन्ही बाजूंना रणगाड्यासारखे पट्टे. चालकाच्या पाठीमागे इंजिन, आणि त्याच्याही मागे दोघांसाठी बाकडं, तेही उलट्या तोंडाचं. म्हणजे चालकाला दिसतो शत्रू आणि मागच्यांना दिसते धूळ.

याचं नाव केटनक्राड. केटे म्हणजे साखळी, क्राड हे लष्करी बोलीतलं मोटारसायकलचं लघुरूप. हाइनरिश क्निपकांप या अभियंत्याची कल्पना, आणि १९४० पासून उत्पादन इथेच, एनएसयूत. इंजिन ओपेल ऑलिंपिया या साध्या घरगुती मोटारीचं, दीड लिटर, ३६ अश्वशक्ती. गंमत म्हणजे ओपेल तेव्हा अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या मालकीची होती. लांबी तीन मीटर, रुंदी जेमतेम एक मीटर, कारण युंकर्स ५२ विमानाच्या पोटात मावायला हवी होती. छत्रीधारी सैनिक उतरले की त्यांच्या हलक्या तोफा ओढायला ही. तीन गिअर, पण जलद आणि संथ अशा दोन टप्प्यांत; म्हणजे पुढचे सहा, मागचे दोन. कागदावर वेग ताशी ७० किलोमीटर. मोकळी गाडीच सव्वा टनाची, तेव्हा मोटारसायकल म्हणणं हा नुसता उपचार.

वळते कशी, हे समजावताना माझी थोडी त्रेधा उडाली. हँडल जरासं वळवलं तर फक्त पुढचं चाक वळतं. आणखी वळवलं की त्या बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागतो, दुसरा पट्टा पुढे पळतो आणि गाडी गर्रकन फिरते. मी डिफरेन्शियल, टॉर्क वगैरे सुरू केलं तर अण्णा म्हणाले, "एका बैलाचा कासरा ओढायचा, दुसऱ्याला चालू द्यायचं. त्यात काय एवढं?" काही नाही. विषय संपला. पुढचं चाक इतकं नावापुरतं, की वेळप्रसंगी ते काढूनही ही चालवता येई.

मला खरं आवडतं ते तिचं चाकांचं काम, आणि खटकतंही तेच. पट्ट्यांच्या आतली मोठी चाकं एकमेकांवर चढवून बसवलेली, पत्ते पिसताना अडकतात तशी. वजन सारखं वाटलं जातं, चाल मऊ होते. पट्ट्याच्या कड्यांवर रबराच्या गाद्या, सांध्यांत सुया-बेअरिंग. कारागिरी म्हणून बघत बसावं असं. पण आतलं एक चाक बिघडलं तर आधी बाहेरची काढा. रशियात त्या फटींत चिखल भरायचा आणि रात्रीत गोठून दगड व्हायचा. लढाईत वापरायची वस्तू इतकी नाजूक नजाकतीची करायला कोणी सांगितलं होतं? आमच्या धंद्यात अशा डिझाइनवर सही करताना माझा हात थांबला असता.

ज्या कामासाठी केली ते काम तर लवकरच संपलं. मे १९४१ मध्ये क्रीट बेटावर जर्मन छत्रीधाऱ्यांची इतकी माणसं मेली, की पुढे तेवढी मोठी हवाई उडी त्यांनी मारलीच नाही. पुढच्याच महिन्यात रशियावर स्वारी झाली आणि केटनक्राड चिखलातली हमाल झाली. दारूगोळा वाहा, टेलिफोनच्या तारा अंथरा, ट्रेलर ओढा. शेवटी शेवटी तर नवीकोरी मेसरश्मिट २६२ जेट विमानं ही गाडी धावपट्टीवर ओढत न्यायची, कारण जेटला जमिनीवर चालवण्याइतकं इंधन उरलं नव्हतं. युद्धात आठ हजारांहून जास्त झाल्या, काही स्टेटिनच्या श्टोएव्हर कारखान्यातही.

कारखान्यात तेव्हा परदेशातून धरून आणलेली माणसं राबत होती. इथून थोड्याच अंतरावर कोखनडॉर्फच्या मिठाच्या खाणीत १९४४-४५ मध्ये छळछावणीतले कैदी खपत होते, आणि कित्येक तिथेच मेले. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला.

मग बऱ्याच वेळाने, गाडीच्या मागच्या, ट्रेलर अडकवायच्या आकड्याकडे बोट दाखवत: "ह्याला वखर लागेल का रे?"

लागायचा! युद्धानंतर एनएसयूने आणखी साडेपाचशेच्या आसपास गाड्या बनवल्या, शेतीसाठी आणि जंगलातल्या कामांसाठी. १९४८ च्या सुमारास ते थांबलं.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीला नाक लावून बसले. बाहेर उतारावर द्राक्षांचे मळे, ओळीन् ओळ. "दोन ओळींत अंतर किती असेल?" मी म्हटलं, दोन मीटर धरा. त्यांनी दोन्ही हात पसरून हवेत माप घेतलं, समोरच्या बाईंच्या छत्रीला धक्का लागला.

"बसतो," अण्णा म्हणाले. "आरामात बसतो."