देवघरातली दोन नावं

"आबा, हे दोघं आपले कोण लागतात?"

आज सकाळी आरती झाल्यावर लेकीनं विचारलं. माझे सासरे रोज विठोबापुढे हात जोडून घरातल्या एकेकाचं नाव घेतात. मुलं, सुना, नातवंडं. शेवटी दोन नावं अशी, जी आमच्या भावकीतही नाहीत. लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. मी कधी विचारलंच नाही.

आबांनी गळ्यातली तुळशीमाळ चाचपली. "माझ्या सेक्शनमधले. जमालपूरला राहिले."

'राहिले' म्हणाले. 'गेले' नाही.

डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध. आबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या बटालियनमध्ये. १६ तारखेला ढाक्यात शरणागतीवर सही झाली आणि पाकिस्तानचे सुमारे ९३,००० जण शरण आले, हे आपण शाळेत वाचतो. त्याच्या पाच दिवस आधी ढाक्याच्या उत्तरेचं जमालपूर पडलं, ते आबांनी पाहिलं. घरी मात्र त्याबद्दल अवाक्षर नाही. पेन्शनीत आल्यावर माळ घातली, पोरांची शिक्षणं केली, आळंदीहून पायी वारी धरली. मला वाटायचं, विसरले असतील.

संध्याकाळी दिवा लावताना लेकीनं ती दोन नावं आधी घेतली. आडनावांसकट.

मग म्हणाली, "बरोबर म्हटली ना, आबा?"