सुट्टीचा प्रवास, कसर आणि वाटेवरची नमाज

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंब्रा-कौसा निम्मा रिकामा होतो. कोणी खेड-चिपळूणकडच्या मूळ गावी जातात, कोणी उत्तर प्रदेशातल्या घरी, आणि ज्यांना जमते ते महाबळेश्वर, गोवा किंवा केरळ गाठतात. प्रवासात नमाजाचे कसे करायचे, हा विषय आमच्या इमारतीत दरवर्षी निघतो आणि त्यावर दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले म्हणजे, सुट्टी संपल्यावर घरी बसून सगळ्या कजा करून टाकू, म्हणजे राहून गेलेल्या नमाजा मागाहून पढू; दुसरे म्हणजे, कसरची, म्हणजे प्रवासात नमाज आखूड करण्याची, सवलत घेणे हा आळस आहे, तेव्हा चार रकातींच्या (रकात म्हणजे उभे राहणे, झुकणे आणि माथा टेकणे मिळून नमाजाचे एक आवर्तन) चार पूर्ण करायच्या, मग गाडी किती वेळा थांबवावी लागली तरी चालेल. मला ही दोन्ही उत्तरे पटत नाहीत. प्रवाशासाठी धर्मानेच वाट आखून ठेवली आहे आणि ती नीट समजून घेतली, तर लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतानाही एकही वक्त, म्हणजे नमाजाची ठरलेली वेळ, सुटत नाही.

कुराणातल्या सूरह निसाच्या १०१ व्या आयतीत प्रवासात नमाज आखूड करण्याची मुभा आहे, पण तिथे शत्रूच्या भीतीचा उल्लेख येतो. मग आता भीती उरली नसताना ही मुभा कशासाठी, असा प्रश्न हजरत उमर यांनाही पडला होता. त्यांनी तो पैगंबरांना विचारला, तेव्हा हा अल्लाहने तुम्हाला दिलेला सदका आहे, तो स्वीकारा, असे उत्तर त्यांना मिळाले. मला या उत्तराचा फार आधार वाटतो, कारण दिलेले दान नाकारण्यात कसली आली धार्मिकता?

आम्ही कोकणी मुसलमान शाफई मजहबचे, म्हणजे धर्मनियमांच्या त्या परंपरेचे. आमच्या शेजारच्या भाभी आझमगडच्या, म्हणजे हनफी. गेल्या काही वर्षांत दोन्ही कुटुंबे मिळून सुट्टीला जातो, त्यामुळे दोन्हीकडचे नियम मला आता जवळून माहीत झाले आहेत. साधारण ८० किलोमीटरच्या पुढचा प्रवास असेल, तर जोहर (दुपारची), असर (तिसऱ्या प्रहराची) आणि इशा (रात्रीची) या चार रकातींच्या फर्ज, म्हणजे अनिवार्य, नमाजा दोन रकातींच्या होतात. फजर (पहाटेची) आणि मगरिब (सूर्यास्तानंतरची) आहेत तशाच राहतात. इतपत दोघांचे जुळते. पुढे मात्र फरक पडतो. शाफई प्रवासी जोहर आणि असर एका वक्तात, तसेच मगरिब आणि इशा एका वक्तात जमा करू शकतो. हनफींना ही जमा फक्त हजच्या वेळी, मक्केजवळच्या अरफात आणि मुजदलिफा इथे मान्य आहे. एकाच ठिकाणी किती दिवस राहिले की प्रवासी हा दर्जा संपतो, यातही अंतर आहे. हनफींकडे १५ दिवसांचा बेत असेल तर तो संपतो. आमच्याकडे पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून पूर्ण चार दिवस मुक्कामाचा इरादा असेल, तर त्या गावात पाऊल टाकताच पूर्ण नमाज सुरू होते. म्हणून एकाच हॉटेलात आठवडाभर राहणाऱ्या शाफई कुटुंबाला तिथे कसर नाही, आणि कोची, मुन्नार, ठेक्कडी असे दोन-दोन रात्रींचे मुक्काम करणाऱ्याला ती शेवटपर्यंत आहे. निरुद्देश भटकणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, पण विसावा आणि हवापालट हा रास्त हेतू मानला जातो, हे सुट्टीला निघणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

कसर सुरू होते ती आपल्या गावाची वस्ती मागे पडल्यावर. मुंब्र्याच्या माणसाला हे ठरवणे अवघड जाते, कारण कौसा, शीळ, तळोजे असे करत घरे संपतच नाहीत. आम्ही पनवेल ओलांडल्याशिवाय कसर धरत नाही. लोणावळा तर अंतराच्या अगदी काठावर येतो, त्यामुळे तिथे गेलो की आम्ही पूर्ण चार रकाती पढतो आणि शंकेला जागा ठेवत नाही.

महाबळेश्वरला जाताना दोन्ही मजहब एका गाडीत कसे सांभाळले, ते सविस्तर सांगते. दुपारी बाराला टेम्पो ट्रॅव्हलर मुंब्र्याहून निघाली. मे महिन्यात आपल्याकडे जोहरचा वक्त साडेबाराच्या पुढे लागतो. असरचा वक्त शाफई हिशेबाने चारच्या जरा आधी लागतो आणि हनफी हिशेबाने पाचच्या सुमारास, कारण आमच्याकडे वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की असर लागते आणि त्यांच्याकडे ती दुप्पट व्हावी लागते. भाभींना दोन नमाजा जमा करता येत नाहीत. परंतु जोहर तिच्या वक्ताच्या अगदी शेवटी आणि असर सुरुवातीलाच पढायला त्यांच्याकडे हरकत नाही. मग आम्ही पाचच्या थोडे आधी महाडजवळ एकच थांबा घेतला. भाभींनी तिथे जोहर पढली, काही मिनिटे थांबून वक्त बदलल्यावर असर पढली. मी जोहरच्या वक्तातच मनाशी नियत केली होती की ती असरबरोबर पढेन, कारण अशी नियत वेळेत केली नाही तर ती जमा ठरत नाही, नमाज चुकवणे ठरते. अशा रीतीने एका थांब्यात दोन कुटुंबांच्या दोन्ही नमाजा झाल्या आणि पोलादपूरहून आंबेनळी घाट आम्ही उजेडात चढलो.

त्या थांब्यावर पुरुषमंडळी जवळच्या मशिदीत गेली. तिथे स्त्रियांसाठी जागा नव्हती. आम्ही रस्त्याकडेच्या खानावळीत मालकांना विचारले, तेव्हा त्यांनी कोठीची खोली उघडून दिली. त्यांच्या मुलाने कांद्याची पोती भिंतीकडे सरकवली, फरशीवर ओला फडका फिरवला आणि सासूबाईंसाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. "ताई, दार लोटून घ्या, कोणी आत येणार नाही," एवढे बोलून मालक गल्ल्यावर जाऊन बसले. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्यासाठी, पाण्याची एक बाटली पुरते. पैगंबर एका मुद्द पाण्यात वजू करीत, म्हणजे पाऊण लिटरपेक्षाही कमी. मुलांना मी हे प्रवासातच शिकवले, कारण घरच्या नळाखाली ते समजत नाही.

रेल्वेचा प्रवास वेगळा. केरळला जाताना नेत्रावती एक्स्प्रेस आम्ही ठाण्याहून पकडतो. कोकण रेल्वे दक्षिणेकडे उतरत जाते, त्यामुळे किबला, म्हणजे नमाजात तोंड करायची मक्केची दिशा, बहुतेक वेळ उजव्या हाताला, समुद्राच्या बाजूला असतो. आपला कप्पा त्या बाजूला आला, तर समोरासमोरच्या दोन बर्थमध्ये खिडकीकडे तोंड करून उभे राहता येते आणि सजद्यापुरती, म्हणजे माथा टेकण्यापुरती, जागा मिळते. मगरिब आणि इशा आम्ही सूर्यास्तानंतर लगेच, जेवणाची ताटे येण्याआधी जमा करतो; मधला बर्थ उघडला की बसायलाही जागा उरत नाही. फजर मात्र कशाशीही जमा होत नाही. तिला त्याच अंधाऱ्या कप्प्यात, झोपलेल्या सहप्रवाशांना धक्का न लावता उभे राहावे लागते. सहप्रवाशांना आदल्या रात्री सांगून ठेवले की कोणी कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

ठाण्याहून किबला पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे १० अंश कललेला आहे, तर कोचीत हा कल २० अंशांच्या पुढे जातो. घरच्या सवयीने थेट पश्चिम धरली तर तिथे मोठा फरक पडतो, म्हणून हॉटेलात पोचल्यावर आधी फोनवर दिशा पाहावी आणि जानमाज (नमाजाची चटई) तशी तिरकी अंथरावी. केरळचे मुसलमानही बहुतांशी शाफई असल्यामुळे असरची अजान आमच्या ओळखीच्या वेळेला होते. स्थानिक इमामामागे उभे राहिले तर प्रवाशालाही चार रकाती पूर्ण कराव्या लागतात, एवढे माझ्या मुलाने तिथे पाठ केले.

मला मनापासून आवडले ते तिथल्या महामार्गालगतच्या कित्येक मशिदींमधले स्त्रियांचे दालन. वेगळे दार, वेगळे वजूचे नळ, आत स्वच्छ चटया, खुंटीवर नमाजासाठी ठेवलेले मोठे झगे. प्रवासातल्या बाईला यापेक्षा जास्त काही लागत नाही. स्त्रियांना मशिदीत नमाज पढण्याची मुभा आहे, असे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले आहे. असे असताना मुंबई-गोवा महामार्गावर माझ्या सासूबाईंना पेट्रोल पंपामागे आडोसा शोधावा लागतो, याचे मला दरवेळी वाईट वाटते. कोकणातल्या मशिदी मोठ्या प्रमाणात गावातल्या आणि परदेशात कमावणाऱ्या लोकांच्या देणग्यांतून उभ्या राहिल्या आहेत, आणि देणाऱ्यांत आमच्या घरच्या बायकाही आहेत. पनवेल ते सावंतवाडी या पट्ट्यात महामार्गाला लागून असलेल्या प्रत्येक जमातीने, म्हणजे मशीद चालवणाऱ्या गावातल्या मुस्लिम समाजाने, दहा बाय दहाची एक खोली, एक नळ आणि एक स्वतंत्र दार एवढे केले, तर हजारो कुटुंबांची सोय होईल. आमच्या मूळ गावच्या मशिदीच्या ट्रस्टींना मी या आशयाचे पत्र दिले आहे, आणि ज्यांचे गाव महामार्गावर आहे त्यांनी आपापल्या जमातीला असेच पत्र द्यावे, अशी माझी विनंती आहे.