लाइट गेली की पाइप ओरडतो

"साहेब, लाइट गेली की पाइप ओरडतो. आधी कुणी आत ओढल्यासारखा, मग धाडकन." पंपहाऊसवरच्या तात्यांनी पहिल्याच भेटीत हे सांगितलं. मी वहीत उतरवून घेतलं खरं, पण त्या वाक्याची किंमत मला कळायला दोन महिने गेले.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली ती पाणीपुरवठा योजना. जॅकवेलपासून (नदीकाठची पाणी उपसायची विहीर) टाकीपर्यंत ४५० मिमीची डीआय, म्हणजे डक्टाइल आयर्न या लोखंडाची, ऊर्ध्वनलिका (पाणी वर चढवणारा पाइप), लांबी २,४०० मीटर, चढ ७८ मीटर. दोन पंप चालू, एक राखीव, मिळून सेकंदाला १७० लिटर पाणी. पाइप नदीकाठच्या सपाटीवरून लांबवर आडवा जातो, मग एकदम चढतो, २,१०० मीटरवर एका टेकाडावर येतो, तिथून थोडा उतरतो आणि पुन्हा टाकीकडे चढतो. त्या टेकाडावरचा बेंडाचा (वळणाचा) सांधा दीड वर्षात तीनदा निखळला होता. मागचा थ्रस्ट ब्लॉक, म्हणजे वळणाला रेटून धरणारा काँक्रीटचा ठोकळा, मी हाताने चाचपून पाहिला. बोट जाईल एवढा तडा होता. पंपाजवळच्या एनआरव्हीची (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची) झडपही एकदा तुटलेली. दर वेळी गावांना आठवडाभर टँकर.

मी आधी कागदावर गणित केलं. १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून रशियन शास्त्रज्ञ जुकोव्स्कीने मांडलेलं सूत्र अजूनही पहिला अंदाज देतं: पाण्याचा वेग अचानक थांबला तर दाबातला फरक म्हणजे दाबाच्या लहरीचा वेग गुणिले पाण्याचा वेग, भागिले गुरुत्वत्वरण. डीआय पाइपात लहर सेकंदाला साधारण १,१५० मीटर धावते, पाणी १.०७ मीटरने. उत्तर आलं १२५ मीटर (दाब पाण्याच्या उंचीत मोजतात: दहा मीटर म्हणजे साधारण एक बार, शून्य म्हणजे बाहेरच्या हवेइतका). म्हणजे नेहमीच्या ८५ मीटर दाबात १२५ मीटरची उलथापालथ होऊ शकते. लहर टाकीपर्यंत जाऊन परत यायला ४.२ सेकंद. पण टेकाडावर, पंप हळूहळू मंदावताना, नेमकं काय होतं ते या सूत्राने कळत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअर.

आमच्याकडे बेंटली कंपनीचं हॅमर आहे. इपॅनेट हे दुसरं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि रोजच्या प्रवाहासाठी उत्तम आहे, पण त्यात दाबाच्या लहरी दिसत नाहीत. हॅमर पाइपाचे लहान तुकडे पाडून सेकंदाच्या शतांशाने प्रत्येक ठिकाणचा दाब गणिताने काढत जातं. मी एल-सेक्शन (पाइपाच्या चढउताराचा नकाशा) भरलं, पंपांचे वक्र (किती दाबाला किती पाणी) भरले, शून्याव्या सेकंदाला दोन्ही पंप ट्रिप केले, म्हणजे एकदम बंद पाडले, आणि रन दिला. टेकाडावरचा दाब २५ मीटरवरून उतरून जेमतेम शून्याला टेकला आणि परत वर गेला. पंपाजवळ जास्तीत जास्त १२ बार. आलेख इतका शांत, की त्या संध्याकाळी मी अहवालात "सांध्याचं काम निकृष्ट असावं" असं लिहायला घेतलं होतं.

ते वाक्य पुरं झालं नाही, कारण तात्यांचं बोलणं वहीत समोर होतं. आत ओढल्यासारखा आवाज म्हणजे पाइपात निर्वात. माझ्या आलेखात निर्वात कुठेच नव्हता.

आम्ही पंपाच्या डिलिव्हरीवर आणि टेकाडावर प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजणारी उपकरणं) बसवले, सेकंदाला शंभर नोंदी घेणाऱ्या लॉगरला जोडले. पंपहाऊसमधल्या गेजवर भरवसा ठेवून चालत नाही. काटा हलेपर्यंत लहर येऊन गेलेली असते. दुसऱ्याच दिवशी दुपारी लाइट गेली. टेकाडावरचा दाब अर्ध्या सेकंदात उणे नऊ मीटरवर आपटला आणि तिथेच सपाट रेघ. मग पंपाजवळ एकदम १७.४ बार. म्हणजे टेकाडावर पाण्याचा स्तंभ तुटत होता, मध्ये वाफेची पोकळी होत होती आणि दोन्हीकडचं पाणी पुन्हा एकमेकांवर आदळत होतं. तात्यांनी सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने.

मग चूक कुठे? दोन दिवस मी पाइपाच्या तक्त्यात शोधत राहिलो. सापडली मोटारीच्या कागदात. ११० किलोवॉटच्या मोटारीचं जीडी-स्क्वेअर (फिरत्या भागाचं जडत्व सांगायची जुनी पद्धत) ९.२ दिलेलं होतं आणि मी तोच आकडा जडत्वाच्या रकान्यात टाकला होता. सॉफ्टवेअरला हवं होतं खरं जडत्व, आणि जीडी-स्क्वेअर त्याच्या चौपट असतं. हवे होते २.३. माझ्या मॉडेलमधला पंप चौपट जड होता, म्हणून लाइट गेल्यावरही कितीतरी वेळ फिरत राहत होता आणि पाण्याला सांभाळून घेत होता. खरा पंप एका सेकंदातच निम्म्या गतीच्या खाली येत होता. याच हिशेबाने आधी किती अहवाल गेले असतील, या विचाराने मी त्या रात्री जुन्या सगळ्या फायली उघडल्या. एक सापडली, आणि ती दुरुस्त करून पाठवली.

आकडा बदलल्यावर मॉडेलमध्येही पोकळी आली. आणखी एक गोष्ट सुधारली: पाण्याची वाफ होण्याचा दाब समुद्रसपाटीला उणे १० मीटरच्या आसपास असतो, पण आमचं टेकाड सहाशे मीटर उंचीवर, तिथे तो उणे ९.३. सगळं नीट भरल्यावर पंपाजवळचा दाब १८.१ बार आला. मोजलेला १७.४. एवढं जुळलं की पुढचा विचार विश्वासाने करता येतो.

उपाय म्हणून आधी पंपहाऊसमध्ये एअर व्हेसल, म्हणजे दाबाखालची हवा आणि पाणी भरलेली बंद टाकी, मॉडेलमध्ये मांडून पाहिलं. आलेखात झकास. पण त्याला कॉम्प्रेसर लागतो, आणि जिथे लाइटच धड टिकत नाही तिथे तो बंद पडला की व्हेसलमधली हवा पाण्यात विरघळत जाते आणि व्हेसल निरुपयोगी होतं. म्हणून टेकाडावर वन-वे सर्ज टँक (दाब उतरला की पाइपाला पाणी देणारी टाकी) निवडला. काँक्रीटची साधी टाकी, खाली पाण्याला फक्त पाइपात जाऊ देणारा व्हॉल्व्ह. दाब उतरला की टाकीतलं पाणी पाइपात शिरतं आणि पोकळी होऊच देत नाही. पंप सुरू झाले की बारीक नळाने टाकी पुन्हा भरते. चढावर खाली थोडा उणा दाब राहत होता, तिथे हवा आत घेणारे एअर व्हॉल्व्ह दिले.

टाकी बांधून झाल्यावर दोन्ही पंप चालवून मुद्दाम मेन स्विच पाडला. टेकाडावर किमान दाब दोन मीटर, पंपाजवळ कमाल ११ बार. तात्या पाइपाजवळ उभे होते. "आता नुसता सुस्कारा टाकतो," म्हणाले.

नंतर त्यांनीच विचारलं, "पण साहेब, ही टाकी रिकामी असताना लाइट गेली तर?" मी मॉडेलमध्ये टाकी रिकामी करून रन दिला. टेकाडावर पुन्हा उणे नऊ, पंपाजवळ पुन्हा १८ बार. त्याच आठवड्यात टाकीला पातळीचा फ्लोट बसवून त्याची वायर पंपांच्या पॅनेलपर्यंत आणली. टाकी भरलेली नसेल तर दोन्ही पंप एकत्र सुरू होत नाहीत, आधी एकट्या पंपाने ती भरायची. आणि पॅनेलवर तात्यांनी लाल रंगाने लिहिलं: वरची टाकी बघितल्याशिवाय दुसरा पंप लावू नये.