कोबे : कितानोचा चढ, नागाताची तिखट बाटली

जपानमध्ये ओसाकाहून जलद लोकल वीस-पंचवीस मिनिटांत सान्नोमियाला, म्हणजे कोबेच्या मुख्य स्टेशनावर पोचवते, म्हणून बरेच जण कोबे दुपारपुरतं उरकतात. आम्ही शनिवार-रविवार तिथेच राहिलो. नवऱ्याला कितानोतले जुने परदेशी बंगले बघायचे होते, मला नागाताची कामगार वस्ती.

या शहरात हरवणं अवघड. मागे रोक्को डोंगर, पुढे समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळी वस्ती. चढ लागला की डोंगर, उतार लागला की बंदर. कितानो चढावर. १८६८ मध्ये बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि पुढे पैसेवाल्या परदेशी लोकांनी समुद्र दिसेल अशा उंचीवर इथे घरं बांधली. टोकावर वाऱ्याचा कोंबडा असलेलं, लाल विटांचं १९०९ चं जर्मन व्यापाऱ्याचं घर त्यात सगळ्यांत प्रसिद्ध. समोरच्या चौकात बाकावर बसून सॅक्सोफोन वाजवणारा ब्राँझचा माणूस आहे. त्याच्या शेजारी बसून फोटो काढायला ही गर्दी! खरं सांगू? बंगल्यांचा मला तासाभरात कंटाळा आला.

मी रमले ती आसपासच्या गल्ल्यांत. साध्यासुध्या जपानी इमारतींच्या मधोमध पांढऱ्याशुभ्र संगमरवराचं, कोरीव कामाचं महावीरस्वामींचं देरासर, म्हणजे जैन मंदिर उभं आहे, १९८५ चं. मोत्यांच्या व्यापारातले जैन इथे बरेच. थोडं खाली १९३५ ची मशीद, जपानमधली पहिली. १९४५ चे बॉम्बहल्ले आणि १९९५ चा भूकंप, दोन्ही तिने पचवले. आपल्याकडची माणसं इतक्या लांब कशी पोचली, तर त्यात मुंबईच्या कापसाचा मोठा वाटा. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या साथीने निप्पॉन युसेन कंपनीने मुंबईची बोट सुरू केली, इथल्या गिरण्यांना कापूस मिळावा म्हणून. पुढे १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं आणि तिथले अनेक भारतीय व्यापारी कोबेला आले.

संध्याकाळी बंदरावरच्या मेरिकेन पार्कात गेलो. धक्क्याचा एक तुकडा १९९५ मध्ये मोडला तसाच ठेवलाय, दिव्याचे खांब तिरपे, फरशा पाण्यात.

रविवारी नागातातलं शिन-नागाता. इथे कारखान्यांतली माणसं राहायची. रबरी आणि कृत्रिम चामड्याच्या चपला-बुटांचे छोटे छोटे कारखाने, त्यांना चिकटून लाकडी घरं. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला आणि पाठोपाठ आगी लागल्या. पाण्याच्या मुख्य वाहिन्या फुटलेल्या, मग विझवणार कशाने? जळालेल्या भागात आता रुंद रस्ते आणि उंच इमारती आहेत. सगळं नीटनेटकं, पण छपराखालच्या बाजारपेठेत कितीतरी शटर खाली. कितानोत जुनं जपून त्यावर तिकीट लावलंय; इथे जपायला काही उरलंच नव्हतं. तरी मला विचाराल तर कोबे इथे जास्त भेटतं.

स्टेशनजवळच्या बागेत तेत्सुजिन २८ हा चित्रकथेतला राक्षसी लोखंडी यंत्रमानव मूठ उगारून उभा आहे. त्याचे जनक मित्सुतेरु योकोयामा कोबेचेच. परिसर पुन्हा गजबजावा म्हणून २००९ मध्ये तो उभारला. पोरं त्याच्या पायांना मिठ्या मारत होती.

जेवायला सोबामेशी. हे नागाताचं खास. कारखान्यातले कामगार डब्यातला गार भात घेऊन यायचे आणि नूडल्सबरोबर तव्यावर परतून मागायचे, त्यातून हा पदार्थ निघाला असं सांगतात. म्हणजे आपल्या फोडणीच्या भाताचा मावसभाऊच. काउंटरलाच लोखंडी तवा. दुकानातल्या आजींनी दोन्ही हातांत दोन उलथनी घेतली आणि टकाटक, टकाटक नूडल्स भाताच्या शितांएवढ्या बारीक केल्या. यात एरवी गाईच्या स्नायुबंधांचे शिजवलेले तुकडे असतात. ते नको म्हटल्यावर त्यांनी न विचारता कोबी दुप्पट घातला.

वरून सॉस. गोड सगळीकडे मिळतो, पण कोबेत दोरो सॉस असतो : सॉस मुरताना तळाशी बसणारा दाट, मसालेदार गाळ. आजींनी बाटली पुढे केली आणि "जपून हं, तिखट आहे" असं बजावलं. मी भरपूर ओतला. आजी उलथनं हातात धरून बघतच राहिल्या. मग शेजारच्या गिऱ्हाईकाला काहीतरी म्हणाल्या आणि दोघंही खो खो हसली.