चॅम्फरची कड

दुपारी साडेतीनला भोसरीच्या वर्कशॉपमधून फोन आला, "मॅडम, कॅमेरा चांगले बुश रिजेक्ट करतोय." सकाळपर्यंत सगळं सुरळीत होतं. जाऊन ट्रेमधले बुश, म्हणजे मधे भोक असलेले धातूचे नळकांडे, प्लग गेजवर (भोक मापायच्या दांड्यावर) घालून पाहिले, तर सगळे मापात. कॅमेरा मात्र बोअर, म्हणजे ते भोक, 1 मिलिमीटरने मोठं सांगत होता.

प्रोग्रॅममध्ये चित्रातल्या कडा शोधायची कॅनीची पद्धत होती. जॉन कॅनीने 1986 मध्ये मांडलेल्या या पद्धतीकडे आजही आमचा हात आधी जातो. गाउशियन ब्लरने चित्र किंचित पुसट करून त्यातला खरखरीतपणा घालवायचा, उजेड कुठे झपकन बदलतो ते मोजायचं, त्यातली फक्त शिखरं ठेवायची आणि दोन थ्रेशोल्ड, म्हणजे मर्यादा, लावायचे. वरच्या थ्रेशोल्डच्या पुढची कड पक्की. दोन्हींच्या मधली कड पक्कीला चिकटलेली असेल तरच घ्यायची. माझे आकडे होते 50 आणि 150. वाढवले तर बोअरची कड तुटायला लागली. ब्लरचा सिग्मा, म्हणजे पुसटपणाचं प्रमाण, 1 वरून 3 केला तर चित्र निवळलं, पण नमुन्याच्या खराब बुशवरची बारीक बर, म्हणजे कापताना कडेला उरलेला धातूचा कंगोरा, तीही पुसली गेली. ती पकडायलाच तर कॅमेरा बसवला होता!

शेवटी सापडलेल्या कडा चित्रावर लाल रंगात काढल्या. वर्तुळं दोन होती. चॅम्फर, म्हणजे बोअरच्या तोंडाशी तिरका कापलेला काठ, अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे व्यासात बरोबर 1. छताच्या पारदर्शक पत्र्यातून उतरतं ऊन चॅम्फरवर पडत होतं आणि प्रोग्रॅम बोअर सोडून त्याचीच ठळक कड धरत होता. म्हणजे कड खरीच होती, फक्त मला हवी ती नव्हती.

मशीनवरच्या मामांनी एक बुश उचलला, ट्यूबलाइटकडे धरला आणि एक डोळा मिटला. "बर बघायची तर आम्ही असं बघतो."

मी वरचा दिवा बंद केला, ऊन पुठ्ठ्याने अडवलं, बुशखाली बटर पेपर आणि त्याखाली मोबाइलचा टॉर्च ठेवला. चॅम्फर काळ्यात बुडाला, उरलं ते बोअरचं पांढरं वर्तुळ. आतल्या भिंतीवरून थोडी चमक येत होती. उजेड आणखी खाली नेल्यावर तीही गेली. सिग्मा परत 1 वर आणला. कडेजवळच्या तीन पिक्सेलांवर पॅराबोला बसवून कडेची जागा पिक्सेलच्याही आत मोजली, तेव्हा माप गेजशी जुळलं.

रात्रपाळीची माणसं येईपर्यंत मामा थांबले. त्यांनीच खराब बुश ठेवला. लाल वर्तुळ एका जागी आत दबलं.

"हां, हीच ती," मामा म्हणाले.