जांभळी मेणबत्ती आणि पश्चिमेची खिडकी

"तुम्ही मेणात नेमकं काय घालता हो? तुमच्या मेणबत्त्यांचा रंग उडत नाही." श्रावण लागला की हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. कधी जिन्यात, कधी इथे बडोद्यात दांडिया बाजारात भाजी घेताना. परवा तुम्हीही विचारलंत, आणि दिवाळीसाठी पन्नास जांभळ्या मेणबत्त्या आत्तापासूनच करून ठेवायच्या आहेत, असंही म्हणालात. म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते. रंग उडतो. माझाही उडतो. तो उडायच्या आत मेणबत्त्या विकल्या जातात, एवढंच.

पहिल्या वर्षी मी शहाणी नव्हते. चाळीस जाड्या जांभळ्या मेणबत्त्या केल्या आणि पश्चिमेच्या खिडकीत ओळीनं मांडल्या, कारण तिथे त्या सुंदर दिसत होत्या. रावपुऱ्यातल्या एका दुकानदाराला दिल्या, तर चार दिवसांनी त्याचा फोन: "बेन, जांबली तो ऊडी गयो." जाऊन बघते तो काय, एका अंगानं जांभळी, दुसऱ्या अंगानं राखी-निळी. चाळीस अर्धनारीनटेश्वर! चार दिवस त्याच्या काचेच्या कपाटात होत्या, पण त्याआधी तीन आठवडे माझ्या खिडकीत. मी तशीच रंगवाल्याकडे जाऊन भांडले. त्यानं शांतपणे एवढंच विचारलं, "ठेवल्या कुठे होत्या?"

माझी भाची इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकली. तो विभाग 1952 पासूनचा. जुनी वस्त्रं आणि जलरंगातली चित्रं जपायची तर त्यांच्यावर पडणारा उजेड 50 लक्सच्या आसपास ठेवतात, हे तिच्याकडून कळलं. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. दुपारचं थेट ऊन साधारण एक लाख लक्स. तिनं कागदावर भागाकार करून दाखवला: एक तासाचं ऊन म्हणजे संग्रहालयातल्या मंद दिव्याचे 2000 तास. रोज आठ तासांप्रमाणे 250 दिवस. हिशेब ढोबळ आहे, पण त्यानंतर मी विकायची मेणबत्ती खिडकीत ठेवलेली नाही. रंग खाणारा उजेड साठत जातो. आज थोडा, उद्या थोडा, आणि खाल्लेला रंग परत येत नाही.

"पण आमची खिडकी काचेची आहे," असं हमखास कुणीतरी म्हणतं. साधी काच उन्हातल्या न दिसणाऱ्या अतिनील किरणांपैकी अंगाची कातडी भाजणारे बहुतेक अडवते, पण त्यांच्यातलेच लांब लहरींचे बरेचसे आत येतात. आणि नुसता डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग खातोच. एलईडी दिव्यात अतिनील जवळजवळ नसतं, म्हणून त्याच्याखाली रंग जास्त टिकतो. कायम टिकत नाही.

आता मेणात काय घालते ते. मेणबत्तीचे रंग दोन जातींचे. पहिला तेलात विरघळणारा: मेणात पूर्ण मिसळतो, आरपार चमकतो, आणि उजेडात लवकर मरतो. दुसरा पिगमेंट, म्हणजे न विरघळणारी बारीक पूड. उजेडाला ती फारशी दाद देत नाही, पण तिचे कण वातीत अडकतात, वात गुदमरते आणि ज्योत टिमटिमते. मुलांचे मेणाचे खडू वितळवून घालणाऱ्यांची मेणबत्ती अर्ध्यावर विझते ती याच कारणानं. (स्वयंपाकातला रंग तर घालूच नका. तो पाण्यातला, मेणात मिसळतच नाही, तळाशी थेंब होऊन बसतो.)

मी दोन्ही वापरते, पण जागा वेगवेगळी. मेणबत्ती पांढरी किंवा फिक्या रंगाची ओतते. ती पुरती घट्ट झाली की पिगमेंट घातलेल्या मेणात दोन-तीनदा बुडवून काढते. रंग फक्त अंगरख्यात, वात आत पांढऱ्या मेणात सुखरूप. दुकानदाराच्या शोकेससाठी मी हीच देते.

साच्यात ओतलेली, आरपार रंगाची हवी असेल तर अतिनील शोषणारी पूड मिळते, यूव्ही अ‍ॅब्सॉर्बर नावाची. किलोभर मेणाला 3 ते 5 ग्रॅम. चमच्यानं नको, काट्यावर मोजून. पातेलं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं, मेण 80 अंशांच्या आसपास आलं की आधी रंग, मग ही पूड, आणि मिनिटभर ढवळायचं. मेण धुरावेपर्यंत तापवलं तर रंग साच्यात जाण्याआधीच बिघडतो. लोकांना वाटतं की ही पूड म्हणजे कुलूप. नाही. ती छत्री आहे. अतिनील किरण ती स्वतःवर झेलते, पण दिसणारा उजेड तिच्याखालून आत येतोच. उन्हातल्या खिडकीत तिनं रंग टिकवून दाखवला, असं माझ्याकडे अजून झालेलं नाही. दुकानाच्या फळीवर मात्र ती मुदत वाढवते, आणि त्यासाठी पैसे देणं मला पटतं.

जांभळा, गुलाबी आणि तो भडक निऑन हे तिघं सगळ्यात लवकर जातात. जांभळा बहुधा लाल आणि निळा मिळून केलेला असतो. माझ्या डब्यातल्यात आधी लाल जातो आणि मागे निळा उरतो. तुमच्या डब्यातल्याचं काय होतं ते बघायला एक छोटी मेणबत्ती ओता, अर्धी चांदीच्या रंगाच्या फॉइलमध्ये गुंडाळा आणि दोन आठवडे खिडकीत ठेवा. फॉइल सोडवलं की दोन्ही बाजू शेजारी शेजारी दिसतात. रंगवाल्याच्या शब्दापेक्षा मी यावर भरवसा ठेवते. हल्ली नवी डबी आली की आधी ही चाचणी, मग ऑर्डर.

दोन गोष्टींचा आरोप उगाच उजेडावर येतो. व्हॅनिलाच्या सुगंधातलं व्हॅनिलिन मेणाला हळूहळू तपकिरी करतं. ती मेणबत्ती कपाटात ठेवली तरी करपल्यासारखी होते आणि पूड घालूनही फारसं वाचवता येत नाही. त्यामुळे व्हॅनिलाच्या मेणबत्त्या मी सरळ चॉकलेटी रंगात करते. दुसरं, सोया मेणावर येणारी पांढरी बुरशीसारखी नक्षी. ते मेणाचे स्फटिक असतात, रंग जागच्या जागी असतो. पुसायच्या भानगडीत पडू नका.

उरला तुमचा पन्नासाचा बेत. आत्ता करू नका. नवरात्रात बडोद्यात कुणाचे हात रिकामे नसतात, तेव्हा दसरा होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी या, माझ्याकडे मोठं पातेलं आहे. रंगाची डबी मात्र आजच घेऊन ठेवा, दिवाळीच्या तोंडावर जांभळा मिळत नाही. काळ्या पिशवीत गुंडाळून फडताळात, मागच्या बाजूला.